खर्जातले राजे

फोनवर मला लोक 'मॅडम' म्हणतात. त्यामुळेही असेल, पण ऑपेरातल्या बेस गायकांच्या मी जाम प्रेमात पडलोय. आणि या प्रेमात सुरुवातीलाच एक घोळ झाला…

"हां, बोला मॅडम!"

फ्रीलान्सिंग सुरू केल्यापासून हे वाक्य किती वेळा ऐकलं, याचा हिशेब मी सोडून दिलाय. कुरिअरवाला, बँकेचं कस्टमर केअर, नेत्यांचे पीए, सगळ्यांचं या एका बाबतीत एकमत आहे. आधी मी "मॅडम नाही हो, सर" अशी दुरुस्ती करायचो. आता करत नाही. मॅडम असलं की कुरिअरवाला पार्सल घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत येतो. सर असलं की खालूनच हाक मारतो.

तर, माझा आवाज बारीक आहे. "गोड आहे रे," असं मैत्रिणी म्हणतात, म्हणजे विषय तिथेच संपतो. आमच्या घरात आवाज एकच, बाबांचा. लहानपणी बाबांनी बाहेरच्या खोलीतून नुसतं "काय चाललंय?" असं विचारलं की मी, ताई, टीव्ही आणि मिक्सर असे चौघंही बंद व्हायचो. तो आवाज एक दिवस आपल्यालाही येणार, अशी माझी समजूत होती. नववीत आवाज फुटला खरा, पण फुटून ज्या स्टेशनवर थांबला ते भलतंच निघालं.

मागच्या वर्षीपर्यंत हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. मग एका ऑडिओ कंपनीसाठी मी दहा एपिसोडची सीरिज लिहिली. रिसर्च माझा, मुलाखती माझ्या, स्क्रिप्ट माझी. नॅरेशनही मीच करायचं ठरलं होतं. पायलट रेकॉर्ड झाला आणि दोन दिवसांनी फोन आला. लिहिलंयस झकास, पण आवाजाला वजन नाही, नॅरेशन दुसऱ्याकडून करून घेतोय, टेक इट स्पोर्टिंगली हं! तो दुसरा आला. त्यानं माझीच वाक्यं वाचली. आणि सगळ्यात वाईट काय सांगू? त्याच्या तोंडून ती मलाही जास्त खरी वाटली.

मग काय, आवाजाचं वजन वाढवायचं ठरवलं. एकवीस दिवसांत आवाज भारदस्त करून देणारे व्हिडिओ इंटरनेटवर पोत्यानं पडलेत. पहाटे उठून खर्ज लावायचा, हनुवटी छातीला टेकवून बोलायचं, क्लायंटच्या फोनआधी गुळण्या करायच्या. अकराव्या दिवशी आवाज खरंच खाली गेला. बाराव्या दिवशी तो गेलाच. पूर्ण.

ईएनटीच्या डॉक्टरबाईंनी घशात कॅमेरा घालून स्क्रीनवर माझे स्वरतंतू दाखवले. लाल, सुजलेले, रुसलेले. "हे तुमचं वाद्य," त्या म्हणाल्या. "तुम्ही व्हायोलिनला चेलो हो म्हणून सांगताय." पुरुषांचे स्वरतंतू साधारण १७ ते २५ मिलिमीटर लांब असतात, बायकांचे त्याहून आखूड. लांब आणि जाड तार सावकाश थरथरते, म्हणून तिच्यातून खालचा सूर निघतो. तानपुऱ्याची खर्जाची तार जाड असते ती उगाच नाही. शिकून आवाज सुधारतो, मोकळा होतो, दमदार होतो, पण तारेची लांबी काही वाढत नाही. सात दिवस मौन हा सल्ला आणि त्याचं बिल घेऊन मी बाहेर पडलो.

तुम्ही म्हणाल, एवढा कसला हट्ट? हट्ट माझ्या एकट्याचा नाहीये, बॉस. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ७९२ पुरुष सीईओंचे आवाज मोजले. खालच्या आवाजाचे सीईओ सरासरीनं जास्त मोठ्या कंपन्या चालवत होते आणि पगारही जास्त घेत होते. मार्गारेट थॅचर यांनी तर आवाज खाली आणायला खास शिकवणी लावली होती. अमरीश पुरींचा आवाज नसता तर १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'तल्या मोगॅम्बोला कोण घाबरलं असतं? आणि तुमच्याच ऑफिसातल्या मीटिंगा आठवून बघा ना. आयडिया कोणाची होती, आणि पास झाली ती कोणाच्या आवाजात?

मौनाच्या चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे अंकल भेटले. आमची बिल्डिंग माहीमची. अंकल मूळचे बार्देशचे. गोव्यातल्या पॅरिश स्कूलमध्ये लहानपणीच नोटेशन वाचायला शिकले, मुंबईत चाळीस वर्षं नोकरी केली आणि तेवढीच वर्षं चर्चच्या क्वायरमध्ये बेस गायले. (हिंदी सिनेमाच्या जुन्या ऑर्केस्ट्रांमध्ये एवढे गोवेकर वादक का असायचे, त्याचं उत्तर याच पॅरिश स्कूलमध्ये आहे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) मी मोबाइलवर टाइप करून माझी सगळी कर्मकहाणी त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे वाचली.

"पुता," ते म्हणाले, "खरा खालचा आवाज ऐकलास कधी तू? ये घरी. मोबाइलवर ऐकू नको हां."

मोबाइलवर का नको, ते मला नंतर कळलं. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ८० हर्ट्झचा सूर धड बाहेरच पडत नाही. त्याच्या वरचे उपस्वर तेवढे येतात, आणि त्यांच्यावरून आपला मेंदू खालचा सूर मनानंच भरून घेतो. टेलिफोनही कित्येक दशकं जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पलीकडे पोचवायचा. म्हणजे ऑफिसातून बाबांचा फोन आला की आम्ही टरकायचो, त्यातला खर्ज आम्ही आमच्याच डोक्यात तयार करत होतो!

अंकलकडे कपाटाएवढे दोन जुने स्पीकर आहेत. त्यांनी एक एलपी लावली. व्हेर्दीचा 'डॉन कार्लो', १९६५ चं रेकॉर्डिंग, कंडक्टर जॉर्ज सोल्टी. आधी एक चेलो एकटाच काहीतरी बोलत राहिला. मग तो माणूस गायला लागला. निकोलाय ग्याउरोव्ह, बल्गेरियाचा बेस. आवाज कानाला कळायच्या आधी सोफ्याच्या लाकडातून पाठीला कळला. तो ओरडत नव्हता. किंबहुना सुरुवातीला अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा गात होता, तरी खोलीतली सगळी हवा त्यानं व्यापली होती. मला भाषा कळत नव्हती, गोष्ट माहीत नव्हती. गाणं संपलं तेव्हा मी टाइप केलं, 'काय पॉवर आहे!!!' तीन उद्गारचिन्हं. अंकलनी ते वाचलं, हसले, आणि काहीच बोलले नाहीत.

माझा घोळ झाला तो इथे. पण त्याकडे येऊच.

पुढचे दोन महिने मी झपाटल्यासारखा बेस ऐकत सुटलो. आता थोडं बेसिक. ऑपेरात पुरुषी आवाजाचे ढोबळ तीन मजले असतात. वर टेनर, मध्ये बॅरिटोन, तळाला बेस. गाडीतल्या म्युझिक सिस्टिमवर जो 'बेस' आपण फुल्ल करतो, तोच शब्द. आपल्याकडे गवई बैठकीला बसला की स्वतःची पट्टी स्वतः ठरवतो, काळी एक म्हणा, काळी दोन म्हणा, आणि तानपुरे त्याप्रमाणे लागतात. ऑपेरात तसं चालत नाही. संगीतकारानं कागदावर जो सूर लिहिला तोच लावायचा. त्यामुळे कुणी कोणती भूमिका करायची ते चेहऱ्याआधी गळ्यावर ठरतं. टेनरला हिरॉइन मिळते. बेसच्या वाट्याला राजे, पुजारी, सैतान, भुतं आणि लग्नात मोडता घालणारे बाप.

प्रसिद्धीचंही तेच. १९९० च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या वेळी रोममध्ये पावारोट्टी, डोमिंगो आणि कारेरास या तीन टेनर्सनी एकत्र गाऊन सगळ्या जगाला वेड लावलं. तीन बेस घेऊन असं काही करावं, असं त्या वेळी कुणाला सुचलं नाही. बेसला हिरॉइन मिळाली तीसुद्धा ऑपेरा सोडल्यावर. इत्झिओ पिन्झा हा इटालियन बेस न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात बावीस वर्षं गायला आणि १९४९ मध्ये ब्रॉडवेवरच्या 'साउथ पॅसिफिक'मध्ये चक्क रोमँटिक हीरो झाला. वय वर्षं ५६. तुमच्या ग्रुपमधल्या लग्नाळू मित्रांना हे जरूर कळवा.

पण या 'साइड रोल'वाल्यांची खरी मजा वेगळीच आहे. रॉसिनीच्या 'द बार्बर ऑफ सेव्हिल' (१८१६) मधला डॉन बासिलिओ हा गाण्याचा मास्तर एखाद्याला बदनाम कसं करावं याचं साग्रसंगीत प्रात्यक्षिक देतो. अफवा आधी झुळकीसारखी सुटते, मग कुजबुजते, मग या कानातून त्या कानात शिरत फुगत जाते आणि शेवटी तोफ उडते. ऑर्केस्ट्राही त्याच्याबरोबर टिपेला पोचतो. आमच्या जुन्या ऑफिसातल्या पॅन्ट्रीत मी हे विनासंगीत पाहिलंय. आणि मोत्सार्टच्या 'डॉन जोव्हानी' (१७८७) मधला नोकर लेपोरेल्लो? साहेबांच्या प्रेयसींची देशवार यादी तो वाचून दाखवतो. इटली ६४०, जर्मनी २३१, फ्रान्स १००, तुर्कस्तान ९१ आणि स्पेन १००३. आजच्या भाषेत, बॉसची एक्सेल शीट मेंटेन करणारा बिचारा ज्युनियर.

मोत्सार्टला बेसचं भारी कौतुक होतं. १७८२ च्या 'एन्टफ्यूरुंग'मध्ये ओस्मिन नावाच्या तापट पहारेकऱ्याचं काम त्यानं लुडविग फिशर या गायकाच्या गळ्याच्या मापानं शिवलं, आणि त्याला पार खालच्या 'डी'पर्यंत नेलं. म्हणजे सेकंदाला जेमतेम ७३ कंपनं. हे काम चालू असताना मोत्सार्टनं वडिलांना एक पत्र लिहिलं होतं. त्यात तो सांगतो की साल्झबुर्गच्या आर्चबिशपनी फिशर बेस असूनही फारच खाली गातो अशी तक्रार केली, तेव्हा पुढच्या वेळी तो वर गाईल, असं मी त्यांना आश्वासन दिलं! क्लायंटचा फीडबॅक तेव्हाही असाच असायचा.

१७९१ मध्ये त्यानं 'मॅजिक फ्लूट' लिहिला. त्यातला पुजारी झारास्त्रो खालच्या 'एफ'ला उतरतो, ८७ हर्ट्झ. त्याच ऑपेरातली क्वीन ऑफ द नाइट वरच्या 'एफ'ला चढते, जवळजवळ १४०० हर्ट्झ. सूर एकच, मध्ये चार सप्तकं. एक चिडून वर जाते आणि दुसरा शांत राहून खाली. मेट्रोपॉलिटननं ३० डिसेंबर २००६ ला जगभरच्या थिएटरांत ऑपेरा लाइव्ह दाखवायला सुरुवात केली ती याच 'मॅजिक फ्लूट'पासून, आणि झारास्त्रो होता ड्रेस्डेनचा रेने पापे. आपल्याकडे एनसीपीएमध्येही मेटचे शो पडद्यावर दाखवले गेलेत. चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाऊससुद्धा तेवीस वर्षं बंद राहून २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. आपण मात्र ते नाव अजून सिग्नलवर ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडतानाच घेतो.

स्लाव्ह लोकांमध्येच एवढे बेस का निपजतात, हा प्रश्न मलाही पडला. एक कारण त्यांच्या चर्चमध्ये सापडतं. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्यं चालत नाहीत. ऑर्गन नाही, काही नाही. मग पाया कोण घालणार? माणसांचेच गळे. तिथल्या क्वायरमध्ये नेहमीच्या बेसच्याही एक सप्तक खाली गाणारे लोक असतात. राखमानिनोव्हनं १९१५ च्या आपल्या 'ऑल-नाइट व्हिजिल'मध्ये त्यांना अशा तळाला नेलं की हे बेस आणायचे कुठून, असा प्रश्न कंडक्टरलाच पडला होता. बोरिस क्रिस्टॉफ हा मोठा बल्गेरियन बेससुद्धा आधी सोफियाच्या कॅथिड्रलच्या क्वायरमध्येच गायचा. आणि फ्योदोर शाल्यापिन? कझानमधल्या गरीब घरातला हा पोरगा १९०१ मध्ये मिलानच्या ला स्कालात सैतान म्हणून उभा राहिला तेव्हा समोर टेनर होता एन्रिको कारुसो आणि कंडक्टर होता तोस्कानिनी. त्यानं गाजवलेला 'बोरिस गोदुनोव्ह'मधला झारही बेसच. सिंहासनासाठी मारलेलं एक मूल त्याला राजवाड्यात दिसत राहतं आणि झार वेडापिसा होतो. हे ऐकताना पहिल्यांदा माझ्या मनात काहीतरी टोचलं. एवढा आवाज, आणि एवढी भीती?

मग एका रविवारी अंकलनी 'डॉन कार्लो'च्या रेकॉर्डबरोबरची पुस्तिका माझ्या हातात ठेवली. एका बाजूला इटालियन शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. म्हणाले, "तुला पॉवर दिसली होती ना? वाच आता."

गोष्ट अशी. स्पेनचा राजा फिलिप दुसरा. फ्रान्सची राजकन्या एलिझाबेथ त्याच्या मुलाला, कार्लोला, सांगून आलेली. दोघंही एकमेकांच्या प्रेमात. पण राजकारणाच्या हिशेबात तिचं लग्न मुलाऐवजी बापाशीच लागतं. (खऱ्या इतिहासात १५५९ मध्ये लग्न झालं तेव्हा फिलिप ३२ वर्षांचा होता, म्हातारा वगैरे अजिबात नव्हता. नवरी मात्र चौदा वर्षांची होती. कार्लो आणि एलिझाबेथ दोघंही १५६८ मध्ये गेले. त्यांचं प्रेम ही शिलरच्या नाटकातून आलेली कल्पना.) मी ऐकलेलं गाणं येतं मध्यरात्र उलटून गेल्यावर. अर्ध्या जगाचा मालक आपल्या खोलीत टेबलाशी बसलाय. मेणबत्त्या बुडापर्यंत जळून गेल्यात, खिडकीत उजाडायला लागलंय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि तो जगातला सगळ्यात भारदस्त आवाज काय म्हणतोय? की तिचं माझ्यावर कधीच प्रेम नव्हतं. फ्रान्सहून आली त्या दिवशी माझे पांढरे केस बघून तिचा चेहरा कसा उतरला होता, ते मला अजून दिसतं. मला शांत झोप लागेल ती एकदम एस्कोरियालच्या थडग्यातच.

पॉवर! तीन उद्गारचिन्हं! मला माझीच लाज वाटली.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. गाणं संपतं न संपतं तोच दोन धर्मगुरूंच्या आधारानं एक म्हातारा आत येतो. ग्रँड इन्क्विझिटर, धर्मसत्तेचा सर्वोच्च न्यायाधीश. वय ९०, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. आणि तोही बेस! ऑपेरात दोन बेसचा असा आमनेसामने सीन क्वचितच सापडतो. खालच्या तारा आणि डबल बसून जमिनीलगत सरपटत असतात आणि वर दोन खर्ज एकमेकांना भिडतात. राजा विचारतो, मी माझ्या मुलाला मृत्यूच्या हवाली केलं तर चर्च मला माफ करील का? म्हातारा शांतपणे सांगतो, देवानंही आपला मुलगा दिलाच होता. मग तो बदल्यात राजाचा एकुलता एक विश्वासू मित्र मागतो. राजा आधी नाही म्हणतो. म्हातारा थेट त्यालाच कोर्टात खेचायची भाषा करतो. ग्याउरोव्हसमोर या रेकॉर्डिंगमध्ये फिनलंडचा मार्टी तालव्हेला आहे, त्याचा आवाज म्हणजे कड्यावरून घरंगळत येणारा धोंडा. शेवटी म्हातारा निघून जातो. सिंहासनाला वेदीपुढे नेहमी वाकावंच लागतं, अशा अर्थाचं एक वाक्य राजा एकटाच गातो. त्या एका वाक्यात व्हेर्दी त्याला वरच्या 'एफ'पासून खालच्या 'एफ'पर्यंत दोन सप्तकं उतरवत नेतो. राजा सिंहासनावरून नाही, गळ्यातून खाली येतो.

मी एवढे दिवस ज्या आवाजाकडे 'असा आपल्याला हवा होता' म्हणून बघत होतो, त्याच्या मालकाला त्याचा त्या रात्री काहीही उपयोग झाला नव्हता. ऑपेरा लिहिणारे मोठे बेरकी. सत्तेला आवाज खर्जाचा देतात, आणि मग तिला रात्री एकटीला बसवून ऐकतात.

माझी दुसरी समजूत फोडली ती विज्ञानानं. मेटमध्ये सुमारे ३,८०० खुर्च्या आहेत. ऑर्केस्ट्रा सगळा मध्ये बसलेला, माइक नाही. तरी शेवटच्या रांगेत राजा ऐकू येतो तो कसा? योहान सुंडबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात याचा छडा लावला. ऑर्केस्ट्राच्या आवाजाचा मुख्य जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथून वर तो घटत जातो. तयारीच्या पुरुष गायकाच्या आवाजात मात्र २५०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात एक वेगळाच उंचवटा असतो. गळ्याची आणि घशाच्या पोकळीची ठेवण शिकून शिकून बदलल्यावर तो येतो. ऑर्केस्ट्रा तिथे विरळ असतो, त्यामुळे गायकाला त्या फटीतून वाट मिळते. म्हणजे बघा, ज्याला आपण 'वजन' म्हणतो ते ऑर्केस्ट्राच्या गर्दीत बुडून जातं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचते ती वरची झळाळी. आणि ती कमावलेली असते.

हे मी व्हॉइस थेरपिस्टला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग तुमचं तेच तर बिघडलंय. खाली ढकलण्याच्या नादात तुम्ही आवाज घशात कोंडलाय." तेव्हापासून रोज वीस मिनिटं ओठ मिटून गुणगुणतो. आवाज बारीकच आहे. पण आता फोनवर "काय म्हणालात?" असं परत कुणी विचारत नाही. मॅडम म्हणतात, पण एकदाच सांगून ऐकतात.

अंकलनी मग मला एक फोटो दाखवला. ६ नोव्हेंबर १९५०, मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या सीझनची पहिली रात्र, 'डॉन कार्लो'. फिलिप करणार होता बोरिस क्रिस्टॉफ, पण कम्युनिस्ट बल्गेरियाचा म्हणून अमेरिकेनं त्याला व्हिसाच दिला नाही. ऐनवेळी इटलीहून चेझारे सिएपी आला. दाढी, राजवस्त्रं, पांढऱ्या केसांचं दुःख, सगळं त्यानं त्या रात्री पेललं. त्याचं वय होतं २७. माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. या वयात त्याला म्हाताऱ्या राजाची झोप उडणं कुठून कळलं असेल? मला तर घरातलंच कळलं नव्हतं.

कारण बाबा दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. त्यानंतर घरात तो आवाज फारसा येईनासा झाला, आणि आम्ही, खरं सांगायचं तर, थोडे सुटल्यासारखे वागत होतो. त्या रविवारनंतर आठवड्याभरानं डेडलाइन संपवून मी पहाटे तीनला पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात दिवा न लावता बाबा टेबलाशी बसले होते. पुढे रिकामा कप.

"झोपला नाहीत?"

"येते कुठे हल्ली," ते म्हणाले. तोच आवाज. पण त्यात आता कुणाला काही सांगायचं नव्हतं. मग थोड्या वेळानं, "तुझी ती सीरिज ऐकली मी. दहाही भाग. तू का नाही वाचलंस? दुसराच कोणीतरी बडबडतोय."

मी सांगितलं, का ते. बाबांनी 'हं' केलं. तो 'हं'सुद्धा टेबलातून माझ्या कोपरापर्यंत आला.

पुढच्या रविवारी मी त्यांना तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेलो. तीस वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून बाबा आणि अंकल "काय, कसं काय" याच्या पलीकडे गेले नव्हते. अंकलनी चहा केला, बाबा सोफ्याच्या कडेला ऑफिसात बसल्यासारखे ताठ बसले. चेलो सुरू झाला. ग्याउरोव्ह गायला लागला. अर्ध्या मिनिटानं बाबा माझ्याकडे वळले.

"काय म्हणतोय हा?"

मी पुस्तिका उघडली आणि वाक्यामागून वाक्य मराठीत सांगायला लागलो. त्या खर्जावर माझा पिपाणीसारखा आवाज. राजाला झोप नाही, ते सांगितलं. मेणबत्त्या, पांढरे केस, थडगं, सगळं सांगितलं. मध्ये मला ओशाळल्यासारखं झालं, वाटलं गाण्याची मजा घालवतोय. मी थांबलो. गाणं पुढे जात राहिलं आणि संपलं.

बाबा बराच वेळ स्पीकरकडेच बघत होते.

"परत लावता का?" त्यांनी अंकलना विचारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तू मध्ये थांबू नकोस. सांगत राहा."

अंकल उठले आणि सुई उचलून परत चेलोवर आणून ठेवली.